मागे भिंत पाहिजे

माझ्या भावोजींना अख्खा बाजार 'हसू नका' म्हणतो. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना माहीत आहे. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि तिथे फक्त पासपोर्टचे, लायसनचे, ओळखपत्राचे फोटो निघतात. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खिळ्याला एक काळा कोट. तो कोट चढवून गावातल्या निम्म्या पुरुषांनी नोकरीचे अर्ज भरलेत. माणूस स्टुलावर बसला की भावोजी म्हणतात, "हनुवटी खाली. कान दिसू द्या. चष्मा काढा. हसू नका." यापलीकडे ते गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. घरीही फार बोलतात अशातला भाग नाही.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांचा एकत्र असा एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच घरी. लग्नातलासुद्धा नाही, कारण बोलावलेला फोटोग्राफर उजेडाच्या उलट्या बाजूला उभा राहत होता आणि नवरदेव दर वेळी स्टेजवरून उतरून त्याला जागा दाखवत होते. अल्बमभर ताई आहे आणि शेजारी रिकामी खुर्ची. एका फोटोत त्या खुर्चीवर फ्रॉक घालून मी बसलेय.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीने, माझ्या भाचीने, दोघांना परदेशातलं एक जुनं शहर बघायला पाठवलं. शहराचं नाव ताईला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही सगळे 'तिकडे' म्हणतो. तिकडे नदीवर दगडी पूल आहे, पलीकडे किल्ला, अलीकडे घड्याळाचा मनोरा. ताईने जायच्या आधी मोठ्या काचांचा काळा गॉगल घेतला आणि मला म्हणाली, "मला तिथलं काही नको गं. दोघांचा एक फोटो पाहिजे. मागे काहीतरी दिसणारा. उद्या आमच्यातलं एक गेलं, तर दुसऱ्याने भिंतीवर काय लावायचं? पासपोर्टचे दोन तुकडे जोडून?"

मी म्हटलं, भावोजींना स्पष्ट सांग. ती म्हणाली, "लग्नापासून सांगतेय."

तिकडे गेल्यावर भावोजींनी पहिल्याच दिवशी भिंती शोधायला सुरुवात केली. जित्याची खोड, दुसरं काय. किल्ल्यासमोर गेले की किल्ल्याकडे पाठ करून एखादी साधी, सपाट, कोरी भिंत हेरायची आणि ताईला तिच्यापुढे उभं करायचं. "मागे गर्दी नको. चेहरा हरवतो." मग हनुवटी, कान, आणि "गॉगल काढ." ताई गॉगल काढायची. पुढ्यात राजवाडा असायचा, त्याच्या पुढ्यात भावोजी, आणि फोटोत ताई आणि चुना. सेल्फीचं भाचीने फोनवर सुचवून पाहिलं. भावोजी म्हणाले, "त्यात नाक मोठं येतं."

शेवटी ताईनेच एका उंच प्रवाशाला हाताने खुणा करून थांबवलं आणि त्याच्या हातात कॅमेरा दिला. भावोजी तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. ताई सांगते, त्यांचा खांदा तिच्या खांद्याला लागलासुद्धा होता. तेवढ्यात ते पुटपुटले, "वाकडा धरलाय मेल्याने," आणि निघाले. त्या माणसाची कोपरं सरळ केली, त्याला दोन पावलं सरकवलं, मग कॅमेरा स्वतःच्याच हातात घेतला आणि त्याला त्याच्या बायकोसकट भिंतीपुढे उभं केलं. हसू दिलं नाही. त्या जोडप्याला काय वाटलं कोण जाणे, पण मागे आणखी दोन जोडपी येऊन उभी राहिली. परदेशात रांग लावली या माणसाने. ताई सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत कठड्यावर बसली होती.

निघायच्या दिवशी ती दोघं पुलाच्या टोकाशी गेली. तिथे एक गोदामाची भिंत होती. भावोजी म्हणाले, "उभी राहा." ताई उभी राहिली. "गॉगल काढ." ताई म्हणाली, "नाही काढणार." भावोजींनी कॅमेरा खाली केला, तिच्याकडे पाहिलं, परत वर घेतला आणि तसाच फोटो काढला. बस सुटायची वेळ झाली होती.

परत आल्यावर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. ताई पांढऱ्या भिंतीपुढे, ताई पिवळसर भिंतीपुढे, ताई राखाडी भिंतीपुढे. "हा किल्ला," भावोजी सांगत होते. "हा राजवाडा." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भावोजी, हे इथे स्टुलावर बसवून काढता आले असते."

"इथे उजेड इतका चांगला नाही," ते म्हणाले.

ताईचं त्या फोटोंकडे लक्षही नव्हतं, ती खिळ्यावरच्या काळ्या कोटाची बाही झटकत होती. मला तिची फार कीव आली.

शेवटचा फोटो आला, गॉगलवाला. "हा बाद," भावोजी म्हणाले. "काचेत चमक आलीय." आणि ही चूक माझ्या डोक्यात शिरावी म्हणून त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. पडद्यावर नुसता गॉगल राहिला. काचेत पूल होता, अख्खा. अलीकडे घड्याळाचा मनोरा, पलीकडे किल्ला. आणि सगळ्यांच्या पुढे पोट सुटलेला, मान कॅमेऱ्यात खुपसलेला एक माणूस.

ताई कोट सोडून जवळ आली. कॉम्प्युटरशी वाकून बघितलं. मग म्हणाली, "हा पुसलात तर मी हिच्याकडे राहायला जाईन." माझं घर दोन खोल्यांचं आहे, पण मी गप्प बसले.

भावोजींनी विचारलं, "गॉगल का नव्हता काढलास?"

"डोळे सुजले होते. रात्री रडले होते."

"कशाला?"

ताईने गॉगलच्या काचेतल्या त्या माणसाकडे बोट केलं. भावोजी उठले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसले. म्हणाले, "मला वाटायचं, तू नीट आलीस म्हणजे झालं. माझं काय बघायचंय."

आता तो फोटो स्टुडिओत आरशाच्या वर लावलाय, चौकटीसकट, भला मोठा. परवा मी तिथे असताना एक गृहस्थ चष्मा काढायला तयार होईनात. वर बोट दाखवून म्हणाले, "त्या बाईंना चालतो, मग मलाच का नाही?"

"त्यात आम्ही दोघं आहोत," भावोजी म्हणाले. "काढा चष्मा."