जीपसाठी निवडलेला विंच

आमच्या घरात तोवर कोणाकडे सायकलही नव्हती, आणि मला चिखलात रुतलेली जीप ओढून काढायचं यंत्र निवडायचं काम मिळालं. ऐंशीच्या दशकातली, गिरण्यांच्या संपानंतरची ही गोष्ट.

मी अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आम्ही राहायचो घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. वडिलांची गिरणी संपानंतर उघडली नाही, तेव्हा ते साकीनाक्याला एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले होते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कसं वागायचं, कोणाच्या शेजारी न विचारता जाऊन बसलं तर चालतं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. दोन वर्षं मी वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर एकटाच डबा खाल्ला. कोणी त्रास दिला असं नाही. कोणी बोलावलं नाही, इतकंच.

वर्गात चौघांचा एक कंपू होता. त्यातल्या एकाचे वडील मुलुंडचे कंत्राटदार, त्यांची जुनी जीप होती. पावसाळा सरला की हे चौघे जीप घेऊन मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या जंगलात कच्च्या रस्त्यांनी हिंडायचे. आदल्या वर्षी एका ओढ्याकाठी जीप पार अ‍ॅक्सलपर्यंत रुतली आणि त्यांचा सगळा दिवस वाया गेला. म्हणून यंदा हाताने चालवायचा विंच घ्यायचं ठरलं. मशीन डिझाइनच्या तासाला मी रॅचेटबद्दल, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणाऱ्या दातेरी चाकाबद्दल, काहीतरी बरं उत्तर दिलं होतं. तास संपल्यावर जीपवाला माझ्या बाकापाशी आला. म्हणाला, "ए, तुला यातलं कळतं ना? मग तूच निवड आमच्यासाठी. आणि या वेळी चल बरोबर."

शेवटचं वाक्य तो सहज बोलला असेल. मी मात्र ते धरून ठेवलं. मला त्या जीपमधून जायचं होतं. जंगलाचं मला काही नव्हतं, गावाकडे जंगल पुष्कळ पाहिलं होतं. पाच जणांमधला एक होऊन कुठेतरी जायचं होतं.

पुढचे काही शनिवार मी नागदेवीच्या आणि कुर्ल्याच्या यंत्रसामानाच्या दुकानांत घालवले. दुकानदार आधी माझ्या चपलांकडे बघायचे, मग दाखवायचे. चेन पुली पहिल्यांदाच बाद केली. ती सरळ वर उचलायला चांगली, पण चिखलात आडवी टाकली की साखळीत माती जाते आणि ती अडकते. उरले दोन प्रकार. एक छोटा, रॅचेटचा. दांडा पुढेमागे केला की वायर ड्रमवर गुंडाळली जाते. हलका, एका हातात मावणारा. पण ड्रमवर वायर मावते जेमतेम दोन-तीन माणसांच्या उंचीइतकी. ज्या झाडाला विंच बांधायचा ते लांब असलं तर काय करायचं? शिवाय सगळा भार एका खटक्याच्या दातावर.

दुसरा मोठा. त्यात ड्रमच नाही. आत पोलादी जबड्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी वायर धरून ठेवते तेव्हा दुसरी पुढे सरकते, मग ती धरते आणि पहिली सुटते. माणूस दोर हातावर हात टाकत ओढतो, अगदी तसं. वायर हवी तेवढी लांब घ्या. ओढताना थांबलात तरी गाडी मागे जात नाही. भार जास्त झाला तर दांड्यातली एक पिन तुटते आणि बाकीचं यंत्र वाचतं. जादा पिना दांड्याच्या पोकळीतच ठेवलेल्या. फक्त तो जड होता, आणि वायरचं भेंडोळं वेगळं.

घरी मी कॅटलॉग घेऊन बसलेलो पाहून वडिलांनी हे काय म्हणून विचारलं. मी समजावून सांगितलं. गावात ट्रक रुतला की सगळी वाडी दोरखंड घेऊन जायची, हे त्यांनी पाहिलेलं. ते म्हणाले, "थंय माणसां गावणत नाय काय?"

जंगलात कोण असणार, मी म्हटलं. त्यांना ते पटलं. "मग घे मोठोच," म्हणाले.

जीपवाल्याचं म्हणणं होतं छोटा घे, सीटखाली जाईल. मी वहीवर आकडे मांडून दाखवले. भरलेल्या जीपचं वजन, चिखलाची ओढ, वर चढाव. छोटा पुरणार नाही. दांडा मारायला दोघे लागतील आळीपाळीने, हेही मी हिशेबात धरलं होतं, आणि त्यातला एक मी. फक्त त्या जीपच्या मागे किती जागा असते, ते मी बघितलं नव्हतं. मी तिच्यात कधी बसलोच नव्हतो.

विंच आला तेव्हा त्यांनी माझी चेष्टा केली. "काय रे, बुलडोझर आणलास की काय?" पण आरेच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही तो चालवून पाहिला, तेव्हा सगळे जवळ येऊन बघू लागले. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून गोणपाट गुंडाळलं, त्यावर पट्टा, पट्ट्याला विंच. चिखलात मुद्दाम घातलेली जीप इंच इंच पुढे येऊ लागली. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. परतताना त्यांनी मला मागे सामानावर बसवून नाक्यापर्यंत सोडलं. तेवढ्या वेळात मी खूप बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

निघायच्या सकाळी मी मुलुंडला पोचलो तेव्हा जीप भरून झाली होती. आईने पाच जणांना पुरतील इतक्या चपात्या आणि सुकी भाजी दिली होती. जीपच्या मागच्या एका बाकावर तंबू आणि दोघांची जागा. दुसऱ्या बाकावर विंच, वायरचं भेंडोळं, पहार, आणि त्यांच्यावर कॅसेट प्लेअर आणि एक मोठा खोका.

जीपवाला माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला. "तूच सांग यार, पाचवा कुठे बसणार? छोटा घेतला असतास तर..."

आतून कोणीतरी म्हणालं, "अरे, विंच येतोय ना त्याच्या वतीने."

सगळे हसले. मीही हसलो. खोका खाली ठेवला असता तर मी मावलो असतो, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असेल. पण ते आपण होऊन म्हणणं मला जमलं नाही. चौघांत एक चष्मेवाला होता, मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं पुन्हा दाखवलं: वायर कशी घालायची, पिन कशी बदलायची, वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. त्याने नीट ऐकलं. चपात्या द्यायच्या राहून गेल्या.

मी सकाळीच घरी परत आलो. दुपारी आणि रात्री आम्ही त्याच चपात्या खाल्ल्या.

सोमवारी कळलं, जीप रुतली होती, आणि निघाली. पिन तुटली, चष्मेवाल्याने बदलली. "झकास चाललं रे तुझं यंत्र," तो म्हणाला. झाड किती लांब होतं, मी विचारलं. तो सांगू लागला, पण मधेच दुसऱ्याला कोण कसं चिखलात पडलं ते आठवलं आणि चौघे त्यात बुडाले.

विंच साफ करायला त्यांनी माझ्याकडेच दिला, कारण मला ते येत होतं. घरासमोरच्या फरशीवर बसून मी जबड्यांत रॉकेल घातलं. काळी माती निघत राहिली. मी ती बोटांत चोळून पाहिली. ओढ्याची असावी, बारीक होती. मग तेल घालून विंच कॉटखाली ठेवला.

महिन्याभराने जीपवाला तो न्यायला टेकडी चढून आला. पहिल्यांदाच कॉलेजातलं कोणी आमच्या घरी आलं होतं. आईने चहा केला. तो कप संपवेपर्यंत मी मनात वाक्य जुळवलं आणि म्हणालो, "या वेळी मी येतो. मागे सामानावर बसेन."

त्याने कप खाली ठेवला. "या वेळी माझा मामेभाऊ येतोय रे," तो म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतंस तू."

मी बरं म्हटलं. विंच एकट्याला उतरवणं कठीण, म्हणून एक बाजू त्याने धरली, एक मी. टेकडीच्या पायऱ्या अरुंद आहेत, दोघांना एकच ताल धरावा लागतो. वळणावर तो "सांभाळून" म्हणायचा, मी "हो" म्हणायचो. खाली जीपमध्ये विंच नीट बसवला, हलणार नाही अशी पहार टेकवली. तो गेला.

मी पायऱ्या चढू लागलो. हात मोकळे होते, पण वजन अजून त्याच बाजूला असल्यासारखा खांदा वाकडाच राहिला होता.