खडकावरचं त्रैराशिक

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, की आजी, तुझ्या लहानपणी मुलांसाठी साहसाच्या कादंबऱ्या असायच्या का. माझ्याकडे एक होती. इंग्रजी, मुखपृष्ठ फाटलेली, त्यामुळे तिचं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. तिच्याविषयी लिहायचं तर आधी एका नदीविषयी आणि एका मुलीविषयी लिहावं लागेल, म्हणून क्रमानेच लिहिते.

नदी पवना. पुनावळ्यात तुमच्या मामाची इमारत जिथे आहे, तिथे तेव्हा ज्वारीची शेतं होती. आम्ही नदीच्या अलीकडे, चिंचवडच्या वरच्या अंगाला एका लहान गावात भाड्याने राहायचो. माझे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते आणि सायकलने जायचे-यायचे. पन्नासच्या दशकातली मधली वर्षं. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले होते. लोखंडी साखळ्या घेतलेले मोजणीवाले कुठल्याही बांधावर अचानक दिसायचे आणि दगडांवर चुन्याने आकडे घालून जायचे. काही महिन्यांनी त्या शेताला तारेचं कुंपण पडायचं. लोकांना त्या पांढऱ्या आकड्यांची धास्ती बसली होती.

मुलगी पुनावळ्याची. तिच्या गावात शाळा तिसरीपर्यंतच होती. चौथीला ती आमच्या शाळेत आली, ती रोज नदी ओलांडून. पाणी कमी असलं की उतारावरून, म्हणजे उथळ जागेतून, परकर गुडघ्यापर्यंत खोचून ती यायची. वर्गात सगळे तिला ‘पलीकडची’ म्हणायचे. सुरुवातीला ते चिडवणं होतं, मग ते तिचं नावच झालं. तिनेही हिशेब चुकता केला. मला ती ‘अलीकडचे’ अशी हाक मारायची आणि वर्गात फक्त मलाच मारायची.

पुस्तक वडिलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं होतं, माझं इंग्रजी सुधारावं म्हणून. रोज संध्याकाळी मी एक पान वाचायचं आणि अर्थ सांगायचा, असा घरचा नियम. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तेच पान मी उंबराखाली बसून पलीकडचीला सांगायची. एका थंड देशात समुद्रातल्या बेटावर एक दीपगृह होतं. तिथला म्हातारा आजारी पडून दिवा विझला होता आणि किनाऱ्यावरच्या दोन मैत्रिणी होडी वल्हवत तो लावायला निघाल्या होत्या. वारा त्यांना दोनदा परत आणून टाकतो, एवढी आमची गोष्ट झाली होती.

ती ऐकता ऐकता मध्येच अडवायची. “बर्फ म्हंजे गारा व्हय?” तिने विचारलं होतं. मी म्हटलं, नाही, पिंजलेल्या कापसासारखा, वरून सावकाश पडतो. तिने वर उंबराच्या पानांकडे बघितलं. मग म्हणाली, “मंग कापसात थंडी कशी वाजंल? तुला नीट वाचता आलं न्हाई.”

जूनच्या शेवटी पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. त्या दिवशी तिचे आबा, म्हणजे वडील, तिला न्यायला पलीकडे येऊन थांबले होते. पूर्वी तिथे नाव चालायची, पण म्हातारा नावाडी गेल्यापासून दर पावसाळ्यात दसऱ्यापर्यंत नदी बंद. आदल्या वर्षी ती असेच सगळे महिने घरी बसली होती आणि सहामाही परीक्षेत जेमतेम तरली होती. यंदा आम्ही पाचवीत होतो आणि आबांनी घरात सांगून टाकलं होतं की सहामाहीत पास झाली तर पुढे शिकेल, नाही तर म्हशी राखेल. तिने हे मला अगदी सहज सांगितलं, कुणा दुसरीचं सांगावं तसं, पण तिच्या हातात उंबराचं एक फळ होतं आणि त्याचा तिने पार चेंदा केला होता.

युक्ती पुस्तकातूनच सुचली. त्यातल्या दोघी टेकडीवरून कंदील हलवून खुणा करतात. आपणही तसं करू, असं मी म्हणाले. ती म्हणाली की कंदील हलवला तर दोन्ही गावांत भुताची आवई उठेल, दिवसाउजेडी करायचं काहीतरी काढ. उताराच्या वर नदी एका ठिकाणी अरुंद होते. दोन्ही काठांना काळ्या खडकाच्या सपाट, तिरप्या शिळा आहेत. तिथे हातभर उंचीचं अक्षर लिहिलं तर समोरून वाचता येईल, हे आम्ही त्याच दिवशी ठरवलं. आमच्या घरी दिवाळीच्या रंगकामासाठी कळीचा चुना आणि घायपाताचा कुंचा होता. तिच्या घरी भिंती सारवायची पांढरी माती होती.

माझी शाळा सुटल्यावर देहूरोडच्या डेपोचा दुपारचा भोंगा झाला की ती म्हशी घेऊन तिच्या काठावर यायची आणि मी चुन्याचा डबा घेऊन माझ्या. पाऊस उघडलेला असेल तेवढ्याच वेळात लिहायचं. ते दिवस मला आता आठवतात ते जागेपणी बघितल्यासारखे नाहीत. पाण्याचा आवाज इतका मोठा असायचा की दुसरा कुठलाच आवाज उरायचा नाही. त्यामुळे तिच्या म्हशी, वाकलेली झाडं, ती स्वतः, सगळंच काचेपलीकडे असल्यासारखं मुकं हलायचं. नदीवर धुकं उतरलं की तिचे पाय दिसायचे नाहीत. मग काळ्या शिळेवरचे पांढरे आकडे आणि त्यांच्यावर तिचं तोंड, एवढंच हवेत तरंगत राहायचं. दोन्ही हात वर म्हणजे समजलं. एक हात वर म्हणजे आणखी एक घाल.

गणितं शिळेवर बसायची, तेव्हा त्रैराशिकंच चालू होती. इंग्रजीचे शब्दही बसायचे. इतिहास आणि कविता मात्र कुठल्याच खडकावर मावेनात. गणितं संपली की मी गोष्टीचं पुढचं पान हातवाऱ्यांनी करून दाखवायची. मी वल्हं मारायची, वाऱ्याने पडायची, उठायची. ती मान डोलवायची. तिला त्यातलं काय कळत होतं, ते पुढे सांगते.

श्रावणात एकदा मी लिहिलं: विहीर. मजूर ८, दिवस १५. मजूर १२, दिवस किती? तिने तिच्या शिळेवर सगळं गणित उतरवून घेतलं आणि खाली उत्तर लिहिलं, दहा. ते बरोबर होतं. पाऊस आला आणि आम्ही दोघी पळालो. रोजच्यासारखं पुसायचं राहिलं आणि त्या हलक्या सरीत चुन्याची नि मातीची अक्षरं तशीच टिकली.

पुढचं मला दसऱ्यानंतर कळलं, पण क्रम बिघडू नये म्हणून इथेच लिहिते. संध्याकाळी पुनावळ्याच्या दोघा-तिघांनी ते आकडे पाहिले. त्यांच्यातल्या एकाला वाचता येत होतं. त्याने वाचलं की विहीर आहे, मजूर आठ, दिवस पंधरा, मग मजूर बारा. यात शंकेला जागाच नव्हती. कुठली तरी कंपनी त्यांच्या काठावर विहीर खणणार होती, मजूरसुद्धा ठरले होते, आणि नदीचं पाणी उचलून पिंपरीला नेणार होती. रात्री मारुतीच्या देवळात सगळा गाव जमला. एक म्हातारे म्हणाले की आताच्या आता आकडे धुऊन टाका. दुसरे म्हणाले की सरकारी खूण पुसली तर उलट आपल्यालाच आत टाकतील. शेवटी ठरलं की चार जाणत्यांनी लांबच्या वाटेने वळसा घालून मामलेदार कचेरी गाठायची.

पलीकडची बायकांमध्ये खांबाआड बसली होती. बोललं तर आबांना न सांगता नदीवर काय चालवलंय ते उघडं पडणार आणि शाळा तिथेच सुटणार. न बोलावं तर तिच्या विहिरीसाठी चार माणसं पावसात कचेरीला जाणार. ती उठून आबांसमोर उभी राहिली.

“आबा, ती मोजनी न्हाई. माझी गनितं हायत.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकजण म्हणाला, “पोरीनं कंपनी काढली म्हना की, राव.” दुसऱ्याने विचारलं, की गणित काय आता पाण्यावरनं वाहत येतं का. सगळे हसले. आबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते एवढंच म्हणाले, “उद्या दाव.”

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, मी नदीवर आले आणि पलीकडे पाहून जागीच थांबले. अख्खा गाव काठावर उभा होता, घोंगड्या घेतलेला. कुणीतरी वाहून गेलं, असंच मला वाटलं. मग त्या माणसांच्या मधोमध ती दिसली. तिने एक हात वर केला. आणखी एक घाल.

मी कुंचा चुन्यात बुडवला. मी लिहिलं: मजूर १०, दिवस १२. मजूर १५, दिवस किती? ती शिळेपाशी बसली. गाव तिच्याभोवती वाकला. काल वाचणारा तो माणूस बोटांवर काहीतरी मोजत होता, हे मला इकडूनही दिसत होतं. तिने मातीने आठ लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. त्याबरोबर पलीकडच्या सगळ्या माना तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे वळल्या. एका म्हाताऱ्याने आकडा पुसायला पाय पुढे केला, तेव्हा आबांनी त्याचा दंड धरला आणि त्याला हळूच मागे घेतलं. यातलं काहीच मला तेव्हा उलगडलं नाही. पाण्याखाली चाललेल्या कुणाच्या तरी लग्नासारखं ते दिसत होतं.

त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसून शेजाऱ्याला म्हणाले, “उद्या खरंच मोजनीवालं आलं, तर आकडं वाचाया घरात कुनी नगं का?” मात्र अट त्यांनी मागे घेतली नाही. पास व्हायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः नदीवर येऊ लागले. आम्ही लिहायच्या आधी ते नारळाच्या काथ्याने तिची शिळा घासून ठेवायचे, आणि नंतर म्हशींच्या पलीकडे जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे, जणू त्यांचा यात काही संबंधच नाही.

दसऱ्याला उतार मोकळा झाला. ती आली तीच हसत आली. मी हातवाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट तिला अशी कळली होती, की त्या दोघी भल्या पहाटे दळण दळतात, दळताना एकीला भोवळ येते, मग त्या दिवा विझवून भाकरी खातात आणि झोपतात. “चांगली हाय गोष्ट,” ती म्हणाली, “पर बेटावर कवा गेल्या?” मी तिला खरं सांगितलं, की तिसऱ्या खेपेला पोचतात. त्यावर तिला काहीच नवल वाटलं नाही. नसत्या पोचल्या तर चौथ्यांदा गेल्या असत्या, ती म्हणाली, घरी बसून तरी काय करायचं होतं. मग तिने पुस्तक माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि कवितांचं पुस्तक उघडलं. परीक्षेला मोजके दिवस उरले होते आणि तिला एकही कविता येत नव्हती. उंबराखाली मी एक ओळ म्हणायची, ती दोनदा म्हणायची. पाठ झालेली कविता ती उतारातून जाताना मोठ्याने म्हणायची आणि मी काठावर उभी राहून चुका सांगायची.

निकालाच्या दिवशी आबा शाळेत आले. वहाणा हातात, धोतर ओलं. गुरुजींनी नावं वाचायला सुरुवात केली आणि ते दारातच उभे राहिले. गणितात ती वर्गात पहिली होती. इतिहासात ती जेमतेम तरली होती. कवितेत तिला कमी गुण होते, पण पास होण्यापुरते होते. गुरुजींनी पास म्हटल्यावर पलीकडचीने माझ्याकडे बघितलं नाही, तिने दाराकडे बघितलं.

आबा आत आले. त्यांनी गुरुजींना विचारलं, की गुंठे, एकर, शेताची मोजणी, हे कितवीला असतं. गुरुजी म्हणाले, सहावीला.

“मंग सहावीला घाला तिला,” आबा म्हणाले. मग म्हणाले, “सातवीला बी.”

मी त्यांच्यामागून नदीपर्यंत गेले. उताराशी आल्यावर तिने परकर खोचला, आबांनी तिच्या हातातलं दप्तर घेतलं, पाटीसकट आपल्या डोक्यावर ठेवलं आणि एका हाताने ते धरून तिच्या पुढे पाण्यात उतरले.