मामांची ओळख

अमिता लहान असतानाच तिचे वडील गेले, आणि हेमराजमामांनी बहिणीला अन् भाचीला सौंसरला आपल्या घरी आणलं. मामा हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. गावोगावचे लोक त्यांना भाषणाला बोलवायचे आणि विषय एकच असायचा, मुलींना शिकवा. बोलता बोलता अमिता यायचीच. "आमची भाची पाहा, एम.एस्सी. करून राहिली!" ती समोर बसलेली असली तर तिला उभंही करायचे.

त्यांची स्वतःची मुलगी प्रणाली मात्र भाषणात कधी आली नाही. बारावीला ती अमितापेक्षा सरस होती. पण बसस्टँडवर एका मुलासोबत चहा पिताना तिला कोणीतरी पाहिलं, मामांच्या कानावर घातलं, आणि कॉलेजचं तोंड पाहायच्या आतच तिला तिगावला देऊन टाकलं. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

यंदा विद्यापीठानं पदवीदान समारंभ पांढुर्ण्याला, अमिताच्याच कॉलेजात ठेवला आणि प्रमुख वक्ते म्हणून मामांचं नाव जाहीर केलं. पोरांमध्ये दोन तट पडले. शेवटी प्राचार्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि म्हणाले, "काय ते एकदाचं ठरवा, मी वर कळवतो."

"त्यांचं भाषण आम्हाले पाठ झालं," शुभम म्हणाला. "नोकरीचं सांगन असा कोणी आणा ना!"

श्रुती ताडकन उठली. "तुले काय समजते? माह्या बापानं मले दहावीनंतर घरी बसवलं होतं. सरांचं भाषण ऐकून आला अन् स्वतः येऊन ॲडमिशन घेतली. मी इथं उभी आहो ते त्यांच्यामुळं."

मग कोणीतरी म्हणालं, "अमिता, तू त त्यांच्या घरची. तूच सांग."

सगळ्या माना वळल्या. प्रणालीचं नाव अमिताच्या ओठांवर आलं. पण समोर श्रुतीचे डोळे भरलेले होते, आणि सौंसरच्या त्या घरात आई ओट्याशी उभी असणार होती.

"चांगले बोलतात ते," अमिता म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

मामांचंच नाव पक्कं झालं. वर त्यांची ओळख करून द्यायचं काम अमिताच्या गळ्यात पडलं. ओळख मामांनी स्वतःच सांगितली, झोपाळ्यावर बसून, आणि तिनं लिहून घेतली. 'लेक आणि भाची असा भेद न करता दोघींनाही उच्च शिक्षण दिलं,' या वाक्याशी तिचा पेन अडला. मामा थांबले नाहीत.

"आई, हे कसं म्हणू मी?" तिनं स्वयंपाकघरात विचारलं.

मनकर्णाबाईंनी पोळी उलटली. "म्हण बाई. आपल्याले दुसरीकडे कोठी जाचं आहे?"

समारंभाला प्रणाली न सांगता आली, कडेवर पोरगी घेऊन, आणि मागच्या रांगेत बसली. माइकवरून अमिताला ती दिसली. ते वाक्य आलं. ती क्षणभर थांबली आणि सरळ पुढच्या वाक्यावर गेली. हॉलमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या आलं. भाषण त्यांनी झकास केलं, टाळ्याही पडल्या, पण भाचीला काही त्यांनी उभं केलं नाही.

बाहेर नळापाशी प्रणालीनं तिला गाठलं. "काऊन थांबली होती मधात?"

"'लेक अन् भाची, दोघींना शिकवलं' असं वाचायचं होतं."

"म्हणून टाकाचं असते व! माहं जे व्हाचं ते होऊन गेलं. बाबा आता तुले नागपूरले शिकाले जाऊ देतीन का?"

मामा रागावले नाहीत. फक्त अमितानं पीएच.डी.साठी नागपूरला जायचं ठरलं होतं, ती गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. पुढच्याच रविवारी मुलाकडचे पाहायला आले. अमितानं नाही म्हटलं. आणखी एक स्थळ आलं, त्यालाही तिनं नाही म्हटलं. तेवढंच तिच्या हातात होतं.

आता ती बोरगावच्या एका खाजगी शाळेत शिकवते. सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळी त्याच घरी परतते. मामांना चहा देते. मामा पेपरातून डोकं वर न काढता कप घेतात, आणि ते दिसू नये म्हणून आई स्वयंपाकघराचं दार आतून हळूच ओढून घेते.