पट्ट्याची फडफड

कोपरापर्यंत लोखंडी खोळीत हात घालून फिरवायचा तो लांब, लवचीक पात्याचा दांडपट्टा नीट फिरला तर सूं असा एकसुरी, बारीक आवाज करतो. धार पुढं असली की पातं वारा कापत जातं. जरा जरी आडवं वळलं तरी वारा त्याच्या पसरट अंगावर आदळतो, पातं थरथरतं आणि फडफड होते. हाताला कळायच्या आधी कानाला कळतं, असं आमच्या तालमीचे वस्ताद म्हणायचे.

तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापायच्या खेळाआधी आमच्याकडं एक रीत होती. पट्टेकऱ्यानं मोकळ्या हवेत पट्ट्याचे तीन हात फिरवायचे, वस्तादांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि ते 'बरोबर हाय' म्हणाले की मगच समोरच्यानं तळहातावर लिंबू ठेवायचं.

पण वस्ताद म्हातारे झाले होते. हलगी ऐकू यायची, बारीक आवाज यायचा नाही. दोन वर्षं ते हरेक पट्ट्याला बरोबर हाय म्हणत होते आणि ते सगळ्या तालमीला ठाऊक होतं. सांगणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही शहाणे गप्प.

त्या दसऱ्याला खुद्द महाराज खेळ बघायला बसले होते. पट्टा माझ्याकडं होता, लिंबू धरायला माझा थोरला भाऊ. आम्ही शिकलगार. हत्यारांना, विळ्या-कोयत्यांना धार लावायचा तो, आणि घर त्याच्या उजव्या हातावर चालायचं. लिंबूही तो उजव्याच हातावर धरायचा. डावा पुढं करणं त्याला भित्रेपणाचं वाटे.

मी तीन हात फिरवले. तिसऱ्याला फडफड झाली. मुठीपाशी पात्याचा खिळा ढिला झाला असणार. मला स्वच्छ ऐकू आलं. मी वस्तादांकडं पाहिलं. डोळे मिटलेले, चेहरा समाधानी.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

थांबलो असतो तर भर मैदानात, महाराजांसमोर, वस्ताद बहिरे ठरले असते. मी थांबलो नाही. त्या म्हाताऱ्याचा मला कधी राग आला नाही. स्वतःचा येतो, अजून येतो.

लिंबू अर्धंच कापलं गेलं. पातं वळलं आणि भावाची तीन बोटं गेली.

मग धारेच्या दगडावर मी बसू लागलो. भाऊ शेजारी बसून माझं काम बघायचा. वर्षभर त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द काढला नाही. एकदा जेवताना मला राहवलं नाही.

"दादा, फडफड मला ऐकू आलती," मी म्हणालो.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"मलाबी आलती की," तो म्हणाला. "पर वस्ताद बरोबर हाय म्हणलं. मग हात मागं कसा घ्यायचा?"

आणि तो डाव्या हातानं भाकरी मोडू लागला. एका हातानं ती नीट मोडेना. मी मोडून दिली.