रेखाताईच्या दुकानात बसायला बंदी

शिरपूरच्या स्टँडजवळ रेखाताईचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथं पंपा-पंख्यांच्या जळलेल्या मोटारींपेक्षा किस्से जास्त साचतात. मोटारी निदान मालक घेऊन जातात!

दहावीच्या गणितात दोनदा आपटले आणि मी शाळेला रामराम ठोकला. रेखाताईकडं मोटारींत नवी तार भरायला शिकायचं होतं. बाबांनी जाऊ दिलं, पण अट घालून : "बाहेरून पेपर दे. या खेपेले गणित नाही निघालं, तं दुकान बंद!"

*

पहिल्या दिवशी ताईनं मार्क विचारलेच नाहीत. डोळे मिटायला लावले आणि हातात तांब्याच्या तारेचे पाच तुकडे दिले. "बारीकपासून जाडपर्यंत लाव." मी लावले. एकही चुकला नाही.

"शाळेत कोन्या सरानं तुहे हात पाह्यले नाही काय वं?"

"पाह्यले ना ताई. छडी माराले!"

*

दुकानात खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकाची. काम शिकायला आलेले आम्ही सगळे दहावी नापास; गणितही शिकणार उभ्यानं, काम करता करता. एका पोराचे वडील तणतणत आले, "पोट्टे अभ्यासाले बसत काहून नाही?"

ताई म्हणाली, "धा वर्सं तुमीच त्याले बसवलं ना! काय निघालं?"

*

माझ्यासोबतच्या स्वप्निलला सतराचा पाढा येईना. ताईनं त्याच्या हातात कॉइल गुंडाळायच्या मशीनचा दांडा दिला. "सतरा फेरे झाले का पाय आपट, अन् आकडा वरड!" आठवड्यात पाढा पाठ.

पुढं एका लग्नात रिटायर हेडमास्तरांनी चारचौघांत त्याला डिवचलं, "काय रे, सतरा आठे?"

स्वप्निलनं हवेतच दांडा फिरवला, पाय आपटला. "एकशे छत्तीस!"

हेडमास्तरांनी खिशातून मोबाईल काढला. कॅल्क्युलेटर!

ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बसून शिकले ना ते."

*

आलेख मी फरशीवर चालत शिकले. दाराकडं अधिक, मागं उणे. एक दिवस आमचे गणिताचे सर जळलेली मोटर घेऊन नेमके मधोमध उभे. तीन वर्षं फळ्याकडं तोंड करून शिकवणारा माणूस!

"सर, जरा सरका," मी म्हटलं. "तुमी शून्यावर उभे आहा."

*

गणिताच्या पेपरात माझे पाय काही थांबेनात. सुपरवायझर मॅडम आल्या. "काय चाललं?"

"मॅडम, पाय थांबले का डोकं थांबते."

त्यांनी मला मागच्या बाकावर नेलं. "चपला काढ. मंग हालव."

निकाल लागला. गणितात सेहेचाळीस! बाबांनी मोबाईल जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. हा माणूस मला जन्मभर एकच वाक्य बोलला होता : "एका जागी बस." म्हटलं, आता सेहेचाळीसच काहून, असं विचारतील.

बाबा उठले. खाटेवर चढले, गेल्या उन्हाळ्यापासून बंद पडलेला पंखा खाली काढला, त्याच्यावरची धूळ गमछ्यानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवला.

"उद्या दुकानात जाशीन, तं हा घेऊन जाजो."