होळीपर्यंत कोणी उचलायचं नाही

साल १९९८. कार्तिक लागला होता, भात कापून खळ्यावर आलं होतं. माझा मुलगा सुरेश कल्याणहून शेणव्याला आला आणि म्हणाला, "बाबा, आता तुमी माझ्याकडं चला." त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. मी आदल्या वर्षी कौलं चाळताना पडलो, मणका गेला, कमरेखाली काही कळत नाही. बायको आधीच वारलेली. दुसऱ्या मजल्यावर गेलो असतो तर परत खाली आलो नसतो.

म्हणालो, "एकटा राहीन."

तो म्हणाला, "होळीपर्यंत राहून दाखवा. एकदा जरी कोणाला उचलावं लागलं, तर कल्याण!"

असा हट्ट धरला की किस्से आपोआप साठतात. हे त्या चार महिन्यांतले.

*

शहापूरच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा आमच्यासारख्यांची तपासणी असे. तिथं कमळी भेटायची. उंबरमाळीच्या वरच्या वाडीची, तिशीची. लाकडं तोडताना झाडावरून पडलेली. तीही चाकाच्या खुर्चीत, पण तोंड भारी चालायचं.

तिनं सांगितलं, "काका, खाटंवरून खुर्चीत जायला मधी फळी टाका. फळीवर पावडर लावा. सरकायला होतं."

मी फळी तासून गुळगुळीत केली. पावडरचा अर्धा डबा ओतला. हात टेकून सरकलो. खुर्ची आली, खुर्ची गेली! मी पलीकडं पेंढ्याच्या ढिगात.

हाक कोणाला मारली नाही. आढ्याला बांधलेल्या दोराला धरून दोन तासांनी खाटेवर आलो.

कमळीला सांगितलं. ती म्हणाली, "चिमूटभर म्हटलं होतं रे देवा! तुमी काय लग्नाला निघाला होता?"

*

लग्नाचंही झालं.

कमळीची दुसरी सूचना आरशाची. बसून बसून खाली जखम होते आणि आपल्याला कळत नाही. म्हणून रोज सकाळी मागची कातडी आरशात बघायची. लाल दिसली तर त्या अंगावर बसायचं नाही.

मी आरसा बांबूच्या काठीला बांधला. खाटेवर कुशीवर होऊन बघत होतो. तेवढ्यात शेजारची येसूबाई खिडकीत आली. बघितलं आणि तशीच मागं फिरली.

दुपारपर्यंत गावभर झालं, म्हातारा स्वतःला मागून-पुढून न्याहाळतोय.

आठ दिवसांनी मुरबाडहून स्थळ आलं! बाई विधवा, स्वभावानं शांत, दोन म्हशी. मी नको म्हणालो. आलेला पाहुणा उठता उठता म्हणाला, "म्हशी दुभत्या हायेत. इचार करा."

*

तिसरी सूचना, दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं आणि मनात साठ मोजायचे. जागा कोणतीही असो.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. मी पुढंच होतो. पंधरा मिनिटं झाली, वर झालो. सरपंच बोलता बोलता थांबले. "बोला, काय हरकत आहे?"

"काही नाही."

पुन्हा पंधरा मिनिटांनी वर. सरपंच पुन्हा थांबले. हिशेब वाचायचा होता, तो घाईनं वाचला. चौथ्या वेळी त्यांनी पाणी मागवलं. पाचव्या वेळी मी अर्धा वर होतो, तेवढ्यात ते ओरडले, "रेशन दुकानापुढं खुर्चीसाठी उतार बांधायचा! मंजूर! आता तरी बसा!"

मी बसलेलोच होतो.

*

फेब्रुवारीत कमळी म्हणाली, "काका, माझ्या तीन युक्त्या झाल्या. तुमची एकबी नाय. फुकट घेऊन ठेवता व्हय?"

मी आयुष्यात कोणाचं फुकट घेतलेलं नाही. ते डोक्यात राहिलं.

होळीच्या आदल्या दिवशी मी एक प्लास्टिकची खुर्ची घेतली. संडासाला बसायला तिला भोक हवं होतं. विळा तापवून कापलं. गोल यावं म्हणून परात ठेवून रेघ मारली होती. धुऊन अंगणात ठेवली, वर टॉवेल वाळत टाकला. मी अजून बसून पाहिलं नव्हतं.

सकाळी सुरेश रिक्षा घेऊनच आला. म्हणाला, "बाबा, सामान भरा. लय झाला हट्ट." आणि टॉवेलवर धपकन बसला.

कमरेपर्यंत खाली गेला. गुडघे तोंडाशी आले.

"बाबा! बाबा, काढा!"

येसूबाई धावत आली. रिक्षावाला आला. शेजारचे दोघं आले. ओढून निघेना. शेवटी चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून ओटीवर आणला. येसूबाईनं विचारलं, "याला कल्याणला न्यायचा काय?"

मी विळा पुन्हा तापवला आणि खुर्ची कापली. विचारलं, "सुरेश, उचलावं कोणाला लागलं?"

तो कपडे झटकत उठला. पुरणपोळी उभ्यानं खाल्ली आणि त्याच रिक्षातनं गेला. एकटा.

पुढच्या तपासणीला कमळीला सांगितलं, "खुर्चीला भोक पाडताना परातीचं माप घेऊ नको. ताटलीचं घे. कडेला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ, म्हणजे कापत नाही."

तिनं बोटांवर मोजलं.

"फिटलं," म्हणाली.