दुपारी लावून घेतलेलं दार

सोनारीच्या भैरवनाथाची पूजा आमच्या घराकडे. कुणाला ताप भरला, मूल निपचित पडलं, की माणसं माझ्याकडे यायची आणि मी अंगारा लावायचो. आमचा मुलूख निजाम सरकारचा; त्यांच्या राजधानीत म्हणे हिऱ्यामोत्यांच्या पेट्या भरलेल्या. आमच्या पंचक्रोशीत साधा फोड फोडणारं कुणी नव्हतं. बार्शीहून मोटारीनं डॉक्टर आणवणं तर माझ्या सात पिढ्यांना परवडलं नसतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या सात वर्षांच्या लेकीचा घसा आतून सुजला. पाण्याचा घोट उतरेना. गाडी जुंपून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर दौऱ्यावर; तसेच माघारी आलो. तीन दिवस अंगारा लावला. तिसऱ्या दिवशी श्वास घरघरायला लागला आणि मनात आलं, अंगारा म्हणजे तर मीच गोवऱ्या जाळून केलेली राख! त्या विचारानं माझा मीच भ्यालो.

दुपारचा नैवेद्य झाल्यावर देवळाचं दार आतून लावलं आणि हाका मारत देवापुढं पडून राहिलो. जागरणानं डोकं जड झालेलं. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, भिंतीवरची वानरंसुद्धा गप्प. घंटेचा आवाज आल्यासारखा वाटे, पण घंटा हलत नव्हती. मी झोपेत होतो की जागा, आजही सांगता येत नाही.

एवढ्यात दार वाजलं. वाजतच राहिलं. माझं डोकं फिरलं. दार उघडून मी ओरडलो, "देव निजलाय! हितं माझी लेक चाललीय, अन् तुम्हाला दर्शन सुचतंय?"

समोर घामानं निथळणारी एक म्हातारी. ती शांतपणे म्हणाली, "मग देवाला निजू द्या. लेक कुठं हाय, ते सांगा."

सोलापूरकडं तिनं नर्स म्हणून हयात घालवली होती. घरी येऊन पिशवीतली बारकी सुरी तिनं उकळून घेतली, लेकीचा जबडा मला धरायला लावला आणि घशातलं गळू फोडलं. पू भळाभळा आला. मग माझी पोर मोठ्यांदा रडली, आणि मी खुळ्यासारखा हसत सुटलो.

जाताना बाई रागावली, "अंगारा लावा की! पर तीन दिस वाट बघत बसू नगा."

ती कोण, कुणी धाडली, यावर मी वाद घालत नाही. देवाला हाका मारताना दार मीच लावून घेतलं होतं, हे मात्र आठवलं की अजून अंग शहारतं. आता कुणी पोर घेऊन आलं की अंगारा लावतो आणि लगेच गाडी जुंपतो. तालुक्याला डॉक्टर नसेल तर तशीच पुढं बार्शीला. ज्याच्या दारी अशी बाई येत नाही, त्याच्यासाठी आपण उठावं. देवाला शरण जाणं म्हणजे काय, ते मला एवढंच कळलं.